बेडकी मागे गेली होती

४ फेब्रुवारी, मंगळवार

अठ्ठावीसला जाणार म्हणे! कायमचे! आणि हे मला कोण सांगतंय — तर सूनबाई! पडदे शिवायला टाकायला भावजींच्या दुकानात गेली, तर दुकान अर्धं रिकामं. त्यांची मुलगी परदेशात असते, तिने बापाला बोलावून घेतलंय. विमानाचं तिकीटसुद्धा आलं.

"काका म्हणाले, वहिनीला मुद्दाम सांगू नकोस. पण कळलं तर कळू दे."

हे असं! सख्खे धाकटे दीर माझे. बावीस वर्षं ह्या घराची पायरी चढले नाहीत. हे गेले तेव्हा आले, ते फाटकाबाहेरच उभे राहिले. टोपी हातात. मी आतून बघत होते. बोलावलं नाही. ते आले नाहीत.

चोवीस दिवस.

हे गेले त्याच्या दोन दिवस आधी ह्यांनी माझं मनगट धरलं होतं. आवाज नव्हताच, नुसते ओठ हलत होते. "बेडकी जोड. तूच जोड, दुसऱ्या कोणाला देऊ नको. आणि धाकट्याला बसव तिच्यावर." मी हो म्हटलं. अशा माणसाला नाही कोण म्हणतं? मग चौदा महिने मी काय केलं — स्कूटरचे भाग पडलेल्या त्या खोलीला कुलूप घातलं आणि किल्ली हरवली!

५ फेब्रुवारी

कुलूप फोडलं. किल्ली बटणांच्या डब्यात आहे हे फोडल्यावर आठवलं.

६ फेब्रुवारी, गुरुवार

काय रूप होतं माझ्या बेडकीचं! स्कूटर कसली, नवरीच. पुढच्या मडगार्डवर दोन दिवे, टपोऱ्या डोळ्यांसारखे. म्हणून बेडकी हे नाव मीच पाडलं. नावं पाडण्यात माझा हात कोण धरणार! अशा गाड्या मुळात निघाल्याच थोड्या, पुढे कंपनीच बुडाली. हे म्हणायचे, "ह्या जातीची दुसरी मी जन्मात पाहिली नाही." मी म्हणायचे, "माझ्या जातीची तरी कुठे पाहिलीत?"

आज बघितलं तर सांगाडा भिंतीला टेकलेला. इंजिन बाकावर, पोट उघडं. बाकी सगळं पत्र्याच्या डब्यांत, डब्यांवर ह्यांचं अक्षर. 'क्लच'. 'कार्ब्युरेटर'. 'पॉइंट — हात लावू नये'. हे शेवटचं माझ्यासाठी!

एक घशाच्या गोळ्यांची डबी आहे, तिच्यावर काहीच लिहिलेलं नाही. गंजून बंद झालीय. हलवली की आत काहीतरी खुळखुळतं. उघडत नाही. राहू दे.

चिरंजीव ऑफिसला निघताना दारात थबकले.

"आई, सहासष्टाव्या वर्षी इंजिन?"

"मग काय सत्तरीची वाट बघू?"

"हात चिमटला, पाय मोडला म्हणजे?"

"पाय मोडायचा मान भावजींचा. तो मी कशाला घेऊ!"

हसला नाही. बापावर गेलाय.

८ फेब्रुवारी, शनिवार

ह्यांचा जुना शर्ट घालून बसते. बाह्या चार घड्या दुमडल्या तरी लांबच. सकाळभर रॉकेलच्या पातेल्यात एकेक तुकडा धुतला. हात विसरलेले नाहीत! गावच्या शाळेत सातवी झाले तेवढीच माझी विद्या, पण ह्यांच्या शेजारी बसून बारा नंबर, चौदा नंबर पाने द्यायला शिकले ते कुठल्या शाळेत शिकवतात?

धुता धुता ते आठवलं. आठवायचं नव्हतं.

बावीस वर्षं झाली. भावजींकडे लग्नाचे कपडे शिवायला आलेले, दोरा संपला, म्हणून बेडकी मागायला आले. फाटकातून रस्त्यावर उतरायला उतार होता आपल्याकडे, उजव्या बाजूला गटार. गाडी उतारावर, तोंड घराकडे; अंगणात घेऊन वळवायची. किक मारली, पहिला गिअर टाकला, क्लच सोडला — आणि धाडकन आवाज! मी लाटणं घेऊनच बाहेर धावले. बेडकी गटारात, भावजींचा उजवा पाय तिच्याखाली.

"मागे गेली, दादा! मी पुढे घातली, ती मागे गेली!" हेच एक धरून बसले. इस्पितळात प्लॅस्टर घालतानाही तेच.

हे चिडले. "गाडीला रिव्हर्स आहे का रे? गिअर चुकलास ते कबूल कर!" दोघं भाऊ त्या खाटेवर असे भांडले की नर्स धावत आली. आणि मी! मला गप्प कुठे बसवतं! म्हटलं, "भावजी, गाडी मागे जात नसते, डोकं मागे जातं." सगळा वॉर्ड हसला. त्या दिवसापासून मी त्यांना 'रिव्हर्स भावजी' म्हणायला लागले. महिन्याभरात सगळी गल्ली म्हणायला लागली. वर्षभरात गिऱ्हाइकं. "काय रिव्हर्स टेलर, शर्टाची बटणं पाठीवर लावू नका बरं!"

पाय वाकडाच जुळला. पायाचं मशीन सुटलं, मोटरचं घ्यावं लागलं. आमच्या घरी आले नाहीत ते आले नाहीत.

आणि ह्यांनी तीन आठवड्यांनी बेडकी खोलली. का ते विचारलं तर म्हणाले, "बघतो जरा." खोलली ती पुन्हा जोडलीच नाही.

११ फेब्रुवारी, मंगळवार

फोन केला. तीन वेळा ठेवला, चौथ्यांदा वाजू दिला.

"बोला, वहिनी." आवाज म्हातारा झालाय.

"काय रिव्हर्स भावजी! आम्हाला न सांगता पुढे निघालात?"

"तुमचं तोंड अजून तसंच आहे."

"तेवढंच शाबूत राहिलंय. ऐका, बेडकी जोडतेय मी."

तिकडे शिवणाचं मशीन चालू होतं ते थांबलं. 

"कोण जोडतंय?"

"मी!"

"एकटी?... मॅग्नेटसुद्धा?"

"नाही, तेवढ्यासाठी शेजारीण बोलावलीय!"

तर हसायला लागले. असे हसले की ठसका लागला. एवढं काय हसण्यासारखं होतं कोण जाणे.

"घरी या. जाण्याआधी एकदा बसा तिच्यावर. ह्यांनी सांगून ठेवलंय."

"घरी नको, वहिनी. दुकानापर्यंत आणलीत तर बसेन."

झालं! म्हणजे नुसती जोडून भागणार नाही. पाण्याच्या टाकीपलीकडे आहे त्यांचं दुकान. चालवत न्यायची!

१३ फेब्रुवारी

क्लच झाला. बोटाचं साल निघालं. सूनबाईने पट्टी बांधली आणि म्हणाली, "ह्यांना सांगू नका, मी विजेरी धरते तुमच्यासाठी." माझ्या टोळीत एक मेंबर वाढला.

१५ फेब्रुवारी, शनिवार

सिलिंडर बसला, पिस्टनच्या रिंगा बसल्या. पाने म्हणजे पाने नुसते फिरत होते आज! आणि मग मॅग्नेटपाशी घोडं अडलं.

मॅग्नेट म्हणजे ते जड चाक, जे इंजिनाच्या दांड्यावर बसतं आणि ठिणगी पाडतं. ते दांड्यावर जागच्या जागी राहावं म्हणून मध्ये एक लोखंडी चकती असते. नखाएवढी, अर्ध्या चंद्रासारखी. लेथवाले तिला हाफमून म्हणतात. ती नाही! सगळे डबे पालथे घातले. सगळं आहे, तेवढीच नाही.

आणि मग मी एकटीच हसायला लागले. कुठून असणार! ती मीच तर घालवली होती!

ही गोष्ट मी जन्मात कोणाला सांगितलेली नाही. वहीला सांगायला काय हरकत आहे. बेडकी चालती होती तेव्हा एकदा दुरुस्तीला खोललेली, ह्यांचा हात भाजलेला, पट्टीत. हे खुर्चीवर बसून हुकूम सोडायचे, जोडायची मी. धुतलेल्या रॉकेलबरोबर ती चकती मोरीत ओतली गेली! सांगितलं असतं तर घर डोक्यावर घेतलं असतं. मी काय केलं — ऍल्युमिनियमच्या चमच्याचा दांडा कापला, कानशीने घासघासून तस्साच अर्धा चंद्र केला आणि बसवला. मॅग्नेट वर चढलं की आतलं कोणाला दिसतंय! गाडी सुरू झाली, ह्यांनी पाठ थोपटली. "गुणी आहेस." चमच्याची पाठ कोणी थोपटली नाही बिचाऱ्याच्या.

पण मग तो चमचा तरी खोबणीत असायला हवा होता की. खोबणी रिकामी आहे. म्हणजे ह्यांनी खोलताना पाहिला असेल? छे! पाहिला असता तर बोलले नसते? पडला असेल कुठेतरी.

१७ फेब्रुवारी, सोमवार

लेथवाल्यांकडे गेले. ह्यांचे जुने मित्र. लेथच्या आवाजाने कान गेलेत, त्यामुळे आपण कुजबुजलो तरी ते ओरडून उत्तर देतात.

"ताई, असला हाफमून बाजारात मिळणार नाही! करून देतो! चांगल्या पोलादाचा! गुरुवारी या!"

"गुरुवारी नक्की?"

"मी काय शिंपी आहे का, तारखा द्यायला!"

१९ फेब्रुवारी, बुधवार

लेथ बंद. लेथवाले तापाने आडवे. त्यांची बायको म्हणाली, सोमवारपर्यंत उठायचे नाहीत. सोमवार म्हणजे चोवीस! मग चाचणी कधी, रंग कधी, ब्रेक कधी बघायचे? भावजी अठ्ठावीसला विमानात.

घरी आले. जेवण गेलं नाही.

स्वयंपाकघरात चमचे आहेत.

तेव्हा चाललं, आता का चालणार नाही? तेवढ्यापुरता. सोमवारी खरा बसवीन.

दुपारभर कानस चालवली. सूनबाईने विचारलं काय करताय, म्हटलं नखं कापतेय. जित्याची खोड!

२० फेब्रुवारी, गुरुवार

 अक्षर बघ कसं येतंय.

सकाळी अंगणात काढली. रंग नाही, सीट नाही, सीटच्या जागी उशी बांधलेली. सूनबाई मागे भिंतीपाशी स्टूल घेऊन बसली बघायला. पहिली किक — काही नाही. दुसरी — किकने उलटी लाथ मारली, पोटरीपर्यंत कळ गेली. तिसरी, पुन्हा लाथ. चौथ्या किकला बेडकी बोलली! फट-फट-फट! बावीस वर्षांनी! सूनबाई टाळ्या पिटायला लागली. मी रडायला लागले. अंगणभर निळा धूर.

तेवढ्यात आत फोन वाजला आणि सूनबाई उठून आत गेली. कोणाचा फोन होता देव जाणे. त्याचे पाय धुवून पाणी प्यावं.

मी क्लच दाबला. पहिला गिअर. समोर फाटक उघडं. हळूच क्लच सोडला —

आणि बेडकी मागे गेली.

मागे! मला कळेपर्यंत धाडकन भिंत! स्टुलाचे दोन पाय मोडले. त्याच स्टुलावर पोर बसली होती, दहा मोजायच्या आत उठली होती. इंजिन बंद पडलं. मी हँडल धरून तशीच बसले आणि तोंडातून एकच — "मागे गेली! पुढे घातली, ती मागे गेली!"

सूनबाई धावत आली. माझे हात-पाय बघितले, सगळं धड आहे हे बघितलं, आणि मग बिचारी हसली.

"आई, हिला रिव्हर्स कुठे आहे? गिअर चुकला असेल तुमचा."

तसंच हसली. अगदी तसंच.

मॅग्नेट उतरवलं. चमच्याच्या चकतीचे दोन तुकडे झालेत. अर्धा दांड्यात, अर्धा मॅग्नेटमध्ये. सुरीने कापल्यासारखे.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

लेथवाले पडूनच होते. तुकडे त्यांच्या हातावर ठेवले.

"हे काय, ताई?"

"चमचा."

"चमचा!" ताप असून उठून बसले. "साखर ढवळायची वस्तू ती! तुमच्या मनगटात आता जोर नाही, नट ढिला राहिला असणार! किकचा सगळा मार ह्याच्यावर! हा तुटला, मॅग्नेट सरकलं, ठिणगी भलत्या वेळी पडली!"

"पण मागे कशी जाईल?"

"हे टू-स्ट्रोक इंजिन आहे! त्याला पुढेमागे काय कळतंय! ठिणगी चुकली की उलटं फिरतं! उलटं फिरलं की सगळे गिअर उलटे! क्वचित होतं, पण होतं!"

"आणि नट घट्ट असला, तर चमचा किती टिकेल?"

"महिना! दोन महिने! मग एक दिवस जाईलच!" माझ्याकडे बघून आवाज एकदम खाली आला त्यांचा. "का, ताई?"

मी म्हटलं, सहज.

तेव्हा चमचा बसवून पाच-सहा आठवडे झाले होते. मोजायची गरज नाही, मला माहीत आहे. ह्यांच्या हाताची पट्टी सुटली त्या आठवड्यातच भावजी पडले.

मागे गेली होती. खरंच मागे गेली होती.

२२ फेब्रुवारी, शनिवार

ती गंजलेली डबी. रात्रभर डोळ्यांसमोर होती. सकाळी उठून पत्रा कापायच्या कात्रीने कापली.

आत कागदाची पुडी. पुडीवर ह्यांच्या अक्षरात तारीख, बाकी काही नाही. भावजी पडले त्यानंतर तीन आठवड्यांची तारीख — बेडकी खोलली तो दिवस. पुडीत माझ्या चमच्याचा तुकडा. कानशीच्या रेघासुद्धा ओळखू येतात मला, तिरप्या, कारण तेव्हाही मी डावा अंगठा टेकवून घासायचे.

एकच तुकडा आहे. दुसरा खोलताना पडला असेल कुठेतरी.

म्हणजे ह्यांना माहीत होतं. वीस-एकवीस वर्षं! घरातला एक चमचा बिनदांड्याचा आहे हे तर त्यांना दिसलंच असणार. मी विचारलं होतं, "काय सापडलं?" म्हणाले, "काही नाही."

आता एकेक आठवतंय. मी 'रिव्हर्स भावजी' म्हणायचे तेव्हा सगळे हसायचे, हे ताटात बघायचे. मला वाटायचं भावाचा राग. म्हणून मी आणखी म्हणायचे, ह्यांना बरं वाटावं म्हणून!

"तूच जोड. दुसऱ्या कोणाला देऊ नको."

अहो, तोंडाने सांगायला काय झालं होतं? एवढी का मी नाजूक होते? ओरडायचं होतंत! घर डोक्यावर घ्यायचं होतंत!

२३ फेब्रुवारी

आज काही केलं नाही. खोलीत बसले.

२४ फेब्रुवारी, सोमवार

लेथवाले उठले. अंगात स्वेटर, तोंडाला रुमाल, पण लेथवर उभे. हाफमून करून दिला. पोलादाचा, निळसर. हातात घेतला तर किती जड! एवढुशी वस्तू.

नट त्यांनीच येऊन आवळला. लांब पाईप लावून, पूर्ण अंग टाकून. "आता हत्ती आला तरी सुटायचा नाही!"

चिरंजीवांनी आज पहिल्यांदा मोडकं स्टूल बघितलं. सूनबाई म्हणाली, माझ्या वजनाने मोडलं. काय पोर आहे! पण आता खोटं कोणी माझ्यासाठी बोललं की मला धडकी भरते.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

पुढे गेली. दहा वेळा पुढे गेली. मी मोजलं. प्रत्येक वेळी क्लच सोडताना डोळे मिटले.

आता सांगायचं. तोंडावर, सरळ. आरशासमोर म्हणून बघितलं.

"भावजी, तुम्ही बरोबर होतात." इथपर्यंत येतं. पुढे जीभ वळते. "... पहिल्यांदाच!" असं निघतं. पुन्हा केलं. "भावजी, तुमचा पाय माझ्यामुळे गेला." तर मागून आपोआप, "नाहीतरी कुठे नाचणार होतात!" चेष्टा केल्याशिवाय एक वाक्य येत नाही मला! सहासष्ट वर्षांत शिकलेच नाही.

२६ फेब्रुवारी

सीट बसवली. दिवे लावले. डोळे आले बेडकीला. रंग नाही. असू दे.

चमच्याचे तुकडे रुमालात बांधून ठेवलेत. ह्यांच्या डबीतला जुना, आणि माझे परवाचे नवे दोन.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

गेले. मी चालवत! दहाच्या सुमाराला, गर्दी ओसरल्यावर. चिरंजीवांनी रजा काढली, तोंड फुगवून त्याच्या गाडीवर पुढे, सूनबाई तिच्या गाडीवर मागे. मधे मी, मंत्र्यासारखी. लोक थांबून बघत होते. "आजी, ही कुठली गाडी?" मी म्हटलं, "माझ्या माहेरची!"

रुमाल कमरेला खोचलेला, तो दोनदा चाचपून बघितला.

भावजी दुकानाच्या पायरीवर उभे. गळ्यात टेप. एवढे बारीक झालेत! पाय टाकत, एक हात भिंतीला धरत खाली आले. बेडकीला एक फेरी मारली. दिव्यांवरून हात फिरवला. 

"बसा मागे," मी म्हटलं.

"मागे तुम्ही. पुढे मी."

चिरंजीव मध्ये आले. "काका, पायाने जमेल का?" भावजींनी ऐकलंच नाही. वाकडा पाय हाताने उचलून पलीकडे टाकला. मी मागे बसले. रुमाल माझ्या मुठीत.

दुसऱ्या किकला सुरू झाली. क्लच दाबला. गिअर टाकला. आणि थांबले. मान अर्धी वळवली.

"आतलं सगळं लोखंडाचंच आहे ना, वहिनी?"

 सहज म्हणाले असतील. सगळेच असं विचारतात. तीच वेळ होती! मूठ उघडायची आणि सांगायचं, बस! तोंड उघडलं आणि —

"रिव्हर्स भावजी, गप पुढे बघा!"

जीभ झडो माझी.

ते हसले. क्लच सोडला. बेडकी पुढे गेली.

टाकीला वळसा घालून आलो. हळूहळू, सायकलवाले पुढे जात होते. त्यांच्या पाठीचं शर्टाचं कापड वाऱ्याने फुगलेलं. बावीस वर्षांत ते कशावर बसले नव्हते, सायकलवरसुद्धा नाही, हे मला सूनबाईकडून कळलं. माझी मूठ तशीच. परत दुकानापाशी उतरलो तोवर बोलायला माणसं गोळा झालेली. मी आत पाणी प्यायला गेले, बाहेर आले तर भावजी बेडकीपाशी एकटेच, डिकीवर हात ठेवून उभे.

"दादाला सांगा, बसलो होतो," म्हणाले. असं म्हणाले, जणू मी संध्याकाळी घरी जाऊन सांगणार आहे.

रुमाल तसाच घरी आणला.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

पान्यांची गुंडाळी ठेवायला डिकी उघडली. आत एक छोटी कापडी पिशवी. कडेला हाताची टीप, इतकी बारीक की डोळ्याला लावून बघावी. कापड जुनं, खिशात राहून राहून काळं पडलेलं. उसवली.

चमच्याचा तुकडा. दुसरा अर्धा.

ह्यांच्या डबीतला काढून शेजारी ठेवला. तिरप्या रेघा एकमेकींना मिळाल्या.

म्हणजे ह्यांनी अर्धा त्यांच्या हातात दिला होता. तेव्हाच. आणि त्यांनी तो शिवून खिशात ठेवला, आणि मी हाक मारली की ओ देत राहिले!

विमान चारचं आहे. आता पावणेतीन झालेत. एका हाताने लिहितेय, दुसऱ्या हातात फोन. तिकडे वाजतोय. अजून वाजतोय.

उचला, भावजी. आज नावाने हाक मारणार आहे.